गुणाकरच्या नावाची आंघोळ

बालाघाट,
ता. १८ नोव्हेंबर २०२५

चि. गुणाकर यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. श्रद्धालाही सांग, भावजयीला आशीर्वाद द्यायची ही माझी पहिलीच वेळ.

तुझा पत्ता आपल्या चुलतभावाकडून, चंद्रशेखरभाऊंकडून घेतला. त्यांनी नंबरही दिला होता, पण फोनवर मी धड बोलणार नाही, हे मला ठाऊक आहे. इकडे थंडी पडली. माझी मयुरी बारावीला आहे, मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देते. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच असते.

आईचंच सांगायचं आहे. दोन वर्षांपासून ती विसरते. आधी गॅस, मग घराचा रस्ता, आता कधीकधी मयुरीलाही. गोंदियाच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. नव्या आठवणी ठेवणारा भाग आक्रसलाय म्हणाले. म्हातारपणी थोडाफार सगळ्यांचाच आक्रसतो, आईचा बराच जास्त. मग मेंदूतल्या विजेच्या लहरी बघायच्या होत्या. त्यासाठी डोक्यावर तारा चिकटवतात, म्हणून केस धुऊन, तेल न लावता आणा, असं बजावलं होतं.

गेल्या बुधवारी सकाळी मी तिला न्हाणीत पाटावर बसवलं. पहिला तांब्या उचलला आणि तिनं माझं मनगट धरलं.

"कोनाच्या नावानं घालून राह्यली वं अहिल्या?"

"कोनाच्याच नाई, आई. तपासणी हाय."

"गुणाकरच्या नावानं नको घालू. जित्तं हाय माह्यं पोरगं. मले नाई करायची."

हेच शब्द, गुणाकर. एकोणीस वर्षांपूर्वीही ती हेच म्हणाली होती.

तू जातीबाहेर लग्न केलंस, त्या संध्याकाळी तुझा फोन मी उचलला होता. "आईनं तुझ्या नावानं आंघोळ केली, आता तू आम्हाला मेलास," असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. फर्मान बाबांचं होतं, पण आई पाटावरून पुन्हा पुन्हा उठत होती. तिचे खांदे दाबून मी तिला बसवलं. पाणीही मीच घातलं. माझं लग्न ठरत होतं, ते मोडेल या भीतीनं मला दुसरं काही दिसत नव्हतं. लग्न झालं, संसारही सुखाचा झाला. त्याचीच जास्त लाज वाटते.

आईच्या लेखी ते पाणी अजून पडलेलंच नाही. मी तांब्या खाली ठेवला आणि तेलकट केसांनीच तिला गोंदियाला नेलं. तिथला तारा लावणारा वैतागला, "अम्मा के बाल धुलवाए नहीं? तेल में तार टिकेगा नहीं." पुसून पुसून कसंबसं केलं त्यानं. लहरी संथ वाटतात, पण आलेख स्वच्छ नाही, अठ्ठावीसला पुन्हा आणा म्हणाले. मी विचारलं, जुन्या आठवणी तरी राहतील ना? "त्या उशिरा जातात," डॉक्टर म्हणाले. जात नाहीत, असं म्हणाले नाहीत.

तेव्हापासून ती डोक्याला पाणी लावू देत नाही. मला नाही, मयुरीला नाही. तुझं नाव मात्र रोज घेते. किती दिवस घेईल, कोणी सांगू शकत नाही.

माझ्यावरचा राग सोडू नकोस, घेऊनच ये. हवं तर तू असेपर्यंत मी घरात थांबत नाही. पण अठ्ठावीसच्या आत ये, आणि तिचे केस तुझ्या हातानं धू.

तुझ्या नावानं तिच्या डोक्यावर पाणी ओतणारी,
अहिल्या