अनवाणी नवस

गार्डन रीच, कोलकाता
शुक्रवार, दुपार

प्रिय अनू,

अनेक आशीर्वाद. पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे, नावं ठेवू नकोस. ह्यांच्या ऑफिसातल्या जुन्या परिपत्रकांची एक बाजू अगदी कोरी असते, ती रद्दीत टाकायला माझा जीव होत नाही. फोनच करणार होते. पण फोनवर तू आधी रडतेस, मग माझी समजूत काढतेस, आणि मला जे सांगायचं ते राहूनच जातं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, एवढा फायदा.

सकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या. देव झाले, पोथीचा अध्याय वाचला, पण काय वाचलं ते कळेना म्हणून पुन्हा पहिल्या ओवीपासून वाचला. निवडलेली डाळ पुन्हा निवडली. नदीवर भोंगा झाला तरी दचकते. हे ऑफिसला निघताना म्हणाले, कालिंदी, बस गं एका जागी, फरशी झिजेल. म्हटलं, क्वार्टर रेल्वेचं आहे, झिजू दे. हसले नाहीत. अलीकडे ते माझ्याशी हसत नाहीत, त्याचं कारणही मीच.

केमोच्या तिसऱ्या डोसच्या वेळी काय झालं ते तुला धड सांगितलं नव्हतं. छातीचं डावीकडचं ऑपरेशन झाल्यापासून त्या हाताला सुई लावायची नाही, म्हणजे सगळा भार उजव्यावर. त्याच्या शिरा सुतळीसारख्या कडक झाल्या आहेत. सिस्टरनं मनगट, कोपर, सगळीकडे टोचून पाहिलं. शेवटी एक शीर मिळाली, ते लाल औषध सुरू झालं, आणि थोडं शिरेबाहेर गेलं. अशी आग झाली की देवीचं नावसुद्धा आठवेना. आपल्या आईला हाक मारली, तिला जाऊन इतकी वर्षं झाली तरी. हात कोपरापर्यंत सुजला. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आता हातातून औषध नाही. उजवीकडे गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक छोटी डबी बसवायची आणि तिची नळी आतल्या मोठ्या शिरेत सोडायची. पोर्ट म्हणतात. मग दर वेळी सुई त्या डबीत, शीर शोधायला नको. औषध संपलं की काढून टाकतात. तेवढ्याच जागेची भूल, संध्याकाळी घरी.

मी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हटलं. चौथ्या डोसची तारीख तशीच निघून गेली. डॉक्टर म्हणाले, माताजी, औषध वेळेवर गेलं नाही तर ऑपरेशन केलं कशासाठी? ह्यांनी कारण विचारलं, रागावले, हात जोडले. मी कारण सांगितलं नाही.

थांब, दूध उतू गेलं.

पुसून आले. तर कारण. ते तुला ठाऊक आहे, तुझंच आहे. ऑपरेशननंतर तू अंबाबाईपुढे पदर पसरलास. ताईच्या अंगाला पुन्हा सुरी लागू देऊ नकोस, तिचं औषध पुरं होईपर्यंत मी पायात चप्पल घालणार नाही. देवळातून बाहेर आल्या आल्या मला फोन केलास, किती आनंदानं! तुझं हे लहानपणापासूनचं. माझ्या दहावीच्या वेळी साखर सोडली होतीस. पास मी झाले आणि अर्धा डबा पेढे तू एका बैठकीत संपवलेस. पण पोर्टला चीर द्यावी लागते, अनू. दोन बोटांची का होईना, सुरीच ती. मी हो म्हटलं की नवस मोडला. तू तिथे उन्हातून अनवाणी चालायचं आणि मी इथे टेबलावर आडवी पडून ते सगळं फुकट घालवायचं?

मंगळवारी रक्त तपासायला गेले होते. शेजारच्या खुर्चीवर बजबजच्या एक मासिमा, म्हणजे मावशी, होत्या, लोकलनं एकट्या येतात. माझा हात पाहून म्हणाल्या, ओ मा, ए तो पाउँरुटी! म्हणजे हात आहे की पाव! मग पदर सरकवून स्वतःचं पोर्ट दाखवलं. कातडीखाली मोठ्या बटणाएवढा उंचवटा. मी बिचकले, तर माझं बोट धरून त्यांनीच तिथे टेकवलं. त्याच बाजूच्या हातानं त्या मासे कापतात, नातवाला उचलतात. माझ्या मोडक्या हिंदी-बंगालीत मी त्यांना नवसाचं सांगितलं. घरात जे बोलले नाही ते परक्या बाईपाशी बोलले बघ. त्या सगळा वॉर्ड ऐकेल अशा हसल्या. म्हणाल्या, बहीण देवीला सांगते, सुरी नको? अगं, आमच्या माँच्या हातात केवढं खड्ग आहे! तुमच्या देवीच्या हातात काय असतं? मी म्हटलं, गदा, ढाल, पानपात्र आणि महाळुंग. म्हणाल्या, मग तिला सांग, सुरी लागलीच तर आमच्याकडून उसनी घे.

मला राग यायला हवा होता. आला नाही. बसमध्ये मात्र एकटीच हसत होते, आणि मग डोळे पुसत होते.

आता हे पत्र का, ते. काल तेजस्विनीचा फोन आला. तुझी लेक तुझ्यासारखी नाही, रडत नाही, सरळ सांगते. तुझ्या टाचेला जखम आहे, कितीतरी दिवस भरत नाही, साखर वाढली आहे. अनवाणी चालू नका असं डॉक्टरांनी बजावलं, तर तू त्यांना म्हणालीस, ताईचं औषध संपलं की बघू. अनू, तुझा नवस राहावा म्हणून मी औषध चुकवत होते आणि माझं औषध व्हावं म्हणून तू पाय नासवत होतीस, आणि फोनवर दोघी म्हणत होतो, मी अगदी बरी आहे. काल मी ह्यांना हो सांगितलं. सोमवारी सकाळी पोर्ट बसेल. पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा टाकेसुद्धा पडलेले असतील. तुला विचारलं नाही, मोठी आहे, तेवढा हक्क ठेवते. नवस मी मोडला, तू नाही. देवीला तसंच सांग. राग आलाच तर कोलकात्याला पाठव म्हणावं, पत्ता वर दिला आहे. तिची ओटी भर, आणि ताईला औषध मानवू दे एवढंच माग. आधी पाय डॉक्टरांना दाखव, मग तेजस्विनीला घेऊन रिक्षानं देवळात जा. आणि घरातून निघताना चपला घाल. देवळाच्या दारात काढून ठेवायला तरी त्या पायात असायला हव्यात ना?

तुझीच,
ताई