डिकीतली कणीक

मंगळवार, संध्याकाळ. बाहेर अजून बर्फ पडतोय.

आज गाडी फिरली. माझी चूक एवढीच की निघताना डिकी बघितली नाही.

माझी दोन सीटची स्पोर्ट्स कार मागच्या चाकांवर चालते, मागे वजन नसेल तर बर्फात घसरते. लोक डिकीत वाळूच्या पिशव्या टाकतात. मी डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून आणलेली कणीक, चार मोठ्या पिशव्या. पण नागपूरहून आई आलीय ना! तिने दुपारी सगळ्या घरात नेल्या.

वळणावर गाडीचा मागचा भाग हळूच सुटला, कुणी झोपेत कूस बदलावी तसा. घाबरायला हवं होतं. का नाही घाबरलो? आवाज नव्हता. हेडलाइटमध्ये बर्फ वर जातोय असं वाटत होतं. थांबलो तेव्हा गाडीचं तोंड घराकडे होतं, आणि समोर माझ्याच टायरचे माग.

त्याच मागांवरून परत आलो. आई पोळ्या लाटत होती. सगळं ऐकून म्हणाली, "अन्न असं गाडीत ठेवतात का रे? मला काय माहीत!" जेवण झाल्यावर मात्र माझे बूट घालून गॅरेजमध्ये आली आणि पिशव्या परत ठेवायला लावल्या. फोडलेलीसुद्धा, तोंड दोऱ्याने बांधून.

ते माग एव्हाना बुजले असतील.

शनिवारी तिला एअरपोर्टला सोडायचंय. जाताना डिकीत कणकेच्या जागी तिची बॅग, शेजारी ती. वजनाची काळजी नाही.

येतानाचं बघायला हवं.