जुने आधी

सोमवार, ३ मार्च
नवी नोकरी, पहिला दिवस, आणि बऱ्याच दिवसांनी घरी येताना शीळ वाजवली. शीतगृहाची कंपनी. तळमजल्यावर सर्व्हरची छोटी खोली, तिथेच माझी खुर्ची. खिडकी नाही, पण एसी आहे. मॅडमनी काम थोडक्यात सांगितलं. खोलीतला छताजवळचा कॅमेरा दर दोन सेकंदांनी फोटो काढतो. नऊ वर्षांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये साठलेत आणि डिस्क तुडुंब भरली आहे. पंधरा दिवसांत रिकामी केली तर मी कायम. आधीच्या तिघांनी फोल्डर उघडलं, यंत्र गोठलं, मग तेही गोठले, असं म्हणून त्या स्वतःच हसल्या.

थोरल्या बहिणीचं वाचनालय शेजारच्याच इमारतीत. मी राहतोही तिच्याचकडे. एक वाजता ताई डबा घेऊन खोलीवर आली. चव्वेचाळीस वर्षांच्या घोड्याला डबा पोचवावा लागतो हे कुठे लिहू नकोस, म्हणाली. लिहिलं.

मंगळवार, ४ मार्च
साधी यादी मागितली, तर पडदा वीस मिनिटं मख्ख. यंत्र आधी सगळी नावं गोळा करतं, मग क्रम लावतं, मग दाखवतं. क्रम लावू नको असं सांगितल्यावर नावं भराभर कोसळू लागली. मोजली: चौदा कोटी. सरसकट पुसायला सांगितलं, तर उत्तर आलं की यादी फार लांब आहे. मग हजार-हजारांचे गठ्ठे करून पुसणारी आज्ञा लिहिली. फोटोच्या नावातच तारीख-वेळ आहे, त्यामुळे क्रम सोपा: जुने आधी. आता ती रात्रंदिवस चालत राहील.

मागच्या नोकरीत मी एक फोल्डर न बघता पुसलं होतं. त्यात चारशे रुग्णांचे अहवाल होते. म्हणून आता नियम केलाय: दर लाखातला एक फोटो बघायचा, त्याची प्रत बाजूला ठेवायची, आणि पुसण्याआधी मूळ फोटो पुन्हा एकदा उघडायचा. आज चौदाशे नमुने चाळले. रॅक, भिंत, रिकामी खोली. क्वचित एखादा तंत्रज्ञ.

गुरुवार, ६ मार्च
तीन कोटी गेले. मॅडम खूश.

पुसण्याआधी नमुने उघडत होतो. एकात कोपऱ्यात एक माणूस उभा. भिंतीकडे तोंड, करडा शर्ट. तंत्रज्ञ असेल. पुढचा नमुना दोन दिवसांनंतरचा, त्यातही तो तसाच उभा. त्याच्या पुढच्यातही. परवा हे नमुने मी बघितले होते, तेव्हा तो कसा दिसला नाही? भरभर बघितले हा माझाच दोष. चारशे अहवालांच्या वेळीही मी हेच म्हटलं होतं.

सोमवार, १० मार्च
नऊ कोटी गेले. मंगळवारी ठेवलेल्या प्रती काढून मूळ फोटोंशेजारी लावल्या. तेच नाव, तीच वेळ, तोच सेकंद. प्रतीत कोपरा रिकामा आहे, मूळ फोटोत तो आहे. मूळ फोटोंना हात लावता येतो तो फक्त मला आणि मॅडमना.

मॅडमना दाखवायला बोलावलं. त्यांनी पडद्याकडे धड न बघता चष्म्याचा नंबर तपासा म्हणून सांगितलं. काम टाळायला मी हे बघतोय का, असं स्वतःला विचारलं. नाही. मला ही नोकरी हवी आहे.

बुधवार, १२ मार्च
समजलं. आणि समजायला नको होतं.

जिथपर्यंत पुसलं, त्याच्या लगेच पुढच्या फोटोंत तो असतो. तिथून पुढच्यांत नसतो. मी पुसतो तशी त्याची मागची जागा संपते आणि तो पुढे सरकतो. मीच त्याला हाकतोय, आजच्या दिशेनं. नवे आधी पुसले असते तर—

कॅमेरा बंद करावा म्हटलं. पण मग पुढे फोटोच नसतील. मग तो कुठे जाईल?

एक कोटी उरलेत. आज्ञा थांबवली.

गुरुवार, १३ मार्च
आता तो भिंतीकडे तोंड करून नाही. दाराकडे चाललाय, प्रत्येक नमुन्यात एकेक पाऊल.

ताईला म्हटलं, उद्यापासून खोलीवर येऊ नकोस. ती म्हणाली, मग डब्याला काय पाय फुटणारेत? खरं कारण न सांगता मी विषय बदलला. सांगायला हवं होतं.

शुक्रवार, १४ मार्च
दुपारी १२.१०. सकाळभर वर मॅडमच्या दारात थांबलो, राजीनामा घेऊन. बैठकीतून मधेच बाहेर आल्या. काल मी निघाल्यावर त्यांनीच आज्ञा पुन्हा सुरू केली म्हणे, मी आळस करतोय असं वाटून. धावत खाली आलो. थांबवता येत नाही. त्यांच्या नावानं चालू आहे, मला परवानगी नाही. यंत्राची वीज तोडली तर कॅमेराही बंद पडेल. मॅडम बैठकीत परतल्या होत्या, फोन केला. त्यांचा फोन बंद.

१२.३०. उरले दोन लाख. वाचनालयात ताईचा फोन कपाटात असतो. तरी सहा वेळा लावला. ती येते एक वाजता, तोवर हे थांबवायलाच हवं, म्हणून खुर्ची सोडली नाही.

१२.४५. उरले अठ्ठावीस हजार. सगळे कालपासूनचे. तो दाराला पाठ लावून उभा आहे. वळून बघितलं तर दारापाशी कोणी नाही. फोटोत आहे. बाहेर जायचं तर त्याच्यामधून—

१२.५०. उरले हजारभर. आता सगळ्यांत मी बसलेला आहे. आणि तो. चेहरा दिसतो— नाही, लिहीत नाही.

१२.५५. ओरडलो. एसीच्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार. ताई, येऊ नकोस. येऊ नकोस.

१२.५८. उरले साठ. तो दारापाशी नाही. माझ्या खुर्चीमागे.

उरले बारा. वळणार नाही. लिहीत राहतो, लिहीत आहे तोवर हात माझे—

दार वाजलं. ताई आत आली. डबा ठेवला. म्हणतेय, किती वाळलास रे, आज तरी गरम आहे तोवर जेव.

मी तोंड उघडलेलं नाही. उघडतच नाही. पण तिला उत्तर मिळालं, हो ताई, आलोच, अगदी माझ्या—