मूठभर तूस

१९ ऑक्टोबर १९३४, शुक्रवार

पेटला! बऱ्याच काड्या खाल्ल्या, पण पेटला. आणि पेटला तो असा भर्रर्र आवाज करत, की शेजारच्या आवडाबाई परसातून कळशी घेऊन धावत आल्या. "मनू, आग लागली काय गं?" म्हटलं, आग नाही, स्टो आहे. माझा भाचा दसऱ्याला मुंबईहून घेऊन आला. पितळेचा, लखलखीत. वाटीत स्पिरिट घालायचं, काडी लावायची, ते संपत आलं की पंप मारायचा. झालं!

चुलीपुढे फुंकणी सापडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात चहा झाला. डोळ्यांत पाणी नाही, नाकात धूर नाही. केस पांढरे झाले माझे. इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही, की धुराशिवायही विस्तव असतो?

हे काय म्हणतील याची धास्ती होती. ह्यांनी दोन बशा चहा घेतला, मिशी पुसली आणि म्हणाले, "यंत्र वाईट नाही."

२१ ऑक्टोबर

आता पंप हेच मारतात. मला हात लावू देत नाहीत! सकाळी उठून देवाच्या आधी स्टोपाशी.

२३ ऑक्टोबर

बोर्लीला अलीमियाँनी पिठाची गिरणी घातली. इंजिनवर चालते. अलीमियाँ म्हणजे आमच्या वाडीची सुपारी घेणारे व्यापारी, आणि ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. दोघे एकत्र खाडीत पोहायला शिकले. पण गिरणी म्हटल्यावर ह्यांची दोस्तीबिस्ती बाजूला. काल देवळाच्या ओट्यावर भाषणच ठोकलं म्हणे. "इंजिनात पीठ तापतं. तापलं की सत्त्व जळतं. मग माणूस खातो काय? राख!" एवढ्यावर थांबायचं ना! "ज्या दिवशी माझ्या घरात गिरणीचं पीठ शिजेल, त्या दिवसापासून मी अन्नाला शिवणार नाही!" अख्ख्या दिवेआगरनं ऐकलं.

हा माणूस बोलतो तसा करतो, हीच तर पंचाईत. बांधावरच्या कलमावरून थोरल्या जावेशी तंटा झाला, तेव्हा आंबा सोडला. सोडला तो सोडलाच. मी रस काढते, हे ताक पितात.

स्टो चालतो, गिरणी चालत नाही. का? मी आपली भाकरी थापता थापता विचार करत होते. चहाची घाई ह्यांना असते. दळण माझं असतं. बाकी सत्त्वबित्त्व काही नाही.

२६ ऑक्टोबर

उजवा खांदा धरलाय. पहाटे जातं ओढताना आतून काहीतरी करकरतं. हात डोक्याच्या वर जात नाही. अंबाडा घालायला आवडाबाईंची सून कमळ येते. पोर गुणी आहे, पण मला लाज वाटते. माझे केस मीच बांधत आले. आज ती गेल्यावर मी देवघरात जाऊन रडले. कुणाला दिसलं नाही.

दिवाळी तोंडावर. चकलीची भाजणी, अनारशांचं पीठ, शिवाय रोजच्या भाकऱ्या. जात्याकडे बघायचंच टाळते.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तेल चोळ." चोळलं. आणि आज जेवताना भाकरीत कच लागली म्हणून ह्यांनी केवढं तोंड वाकडं केलं! जात्याचा दगड टोचून नुकतीच टाकी लावून घेतली, मग पिठात दगडाची कच यायचीच. दाढ आधीच किडलेली. थू थू करत उठले. सत्त्व होतं ते, थुंकलं कशाला?

२९ ऑक्टोबर

केलं!

आमचा गाडीवान भागोजी नारळ घेऊन बोर्लीच्या बाजाराला निघाला होता. त्याला परसात बोलावलं, तांदळाची गोणी आणि भाजणीच्या धान्याची पिशवी दाखवली. बोलायची गरजच पडली नाही. म्हणाला, "वैनीबाय, नारलांच्या खाली घालतो. कुनाला दिसायचा न्हाय." मी म्हटलं, मालकांना कळलं तर? तर हसला. "मालक गाडी हाकत न्हाय, मी हाकतो."

पीठ संध्याकाळी आलं. डब्यात हात घातला. अगं बाई! काय मऊ! गालाला लावून बघितलं. म्हातारपणी पिठाचे लाड करणारी मी पहिलीच असेन.

३० ऑक्टोबर

आता खरा घोळ. पीठ आलं, पण जातं गप्प राहिलं तर? ह्यांना पहाटे जात्याच्या घरघरीवर साखरझोप लागते. आणि आमच्या आळीत ज्या घरचं जातं पहाटे ऐकू येत नाही, त्या घरची बाई एकतर आजारी तरी असते, नाहीतर आळशी तरी.

म्हणून उठले. रिकामं जातं फिरवलं. रिकामं फिरवू नये म्हणतात. माझी आई ऐकती तर पाठीत धपाटा घालती. पण दाणा नसला की काय हलकं फिरतं! डाव्या हातानं, एका बोटानं म्हटलं तरी चालेल. वर ओव्याही म्हटल्या, चांगल्या गळा काढून. मग स्टोवर गुपचूप चहा केला आणि जात्यापाशी बसूनच प्यायले.

२ नोव्हेंबर

पकडले गेले.

आवडाबाई विहिरीवर भेटल्या. देवळातल्या भाषणाला ह्यांच्यापेक्षा जोरात मान डोलावणारी हीच बाई. "आमच्या घरात गिरणीचं पीठ आलं तर मी डबा समुद्रात फेकीन," असं म्हणाली होती. ती आज माझ्या जवळ सरकली. "मनू, तुझं जातं हल्ली वेगळं वाजतं." माझ्या हातातला पोहरा सुटला. गेला तळाला.

इकडेतिकडे बघून ती कानाशी लागली. "मूठभर तूस टाकत जा गं. रिकामं खणखणतं. तूस टाकलं की भरल्यासारखं वाजतं."

मी विचारायला तोंड उघडलं.

"मला कसं ठाऊक, ते विचारू नकोस," म्हणाली आणि कळशी कमरेवर घेऊन चालती झाली!

३ नोव्हेंबर

तूस टाकलं. बरोब्बर वाजतं! तेच तूस पुन्हा पुन्हा.

भागोजीला दटावून विचारलं, माझ्याखेरीज आणखी कुणाकुणाच्या गोण्या नेतोस रे? तो बैलाशी बोलायला लागला. मग म्हणाला, "वैनीबाय, आता नारलांस्नी जागा ऱ्हाली न्हाय, येवढाच सांगतो."

म्हणजे पहाटे आमची आळी घरघरते ती सगळी तुसावर! आणि ओट्यावर पुरुष म्हणतात, आपल्या गावात अजून जुनं वळण टिकून आहे.

६ नोव्हेंबर, दिवाळी

फराळ झाला. चकली अशी, की तोंडात घालताच मोडते. ह्यांनी चार खाल्ल्या, पाचवी हातात धरून आल्यागेल्याला सांगत होते, "जात्यावरची भाजणी आहे. गिरणीवर होईल का अशी?" मी पदर तोंडाला लावला. आवडाबाई समोर होत्या, त्यांना एकाएकी खोकला आला.

मोकळ्या वेळाचं करायचं काय, हा प्रश्न मला पडत नाही. काल दुपारी नुसती बसले. माडाच्या सावलीत. नुसती! हे येऊन विचारून गेले, बरं नाही का?

११ नोव्हेंबर

खांद्याचं दुखणं उतरतंय. हात कानापर्यंत जातो.

ह्यांचीही दाढ शांत आहे. जेवताना कुरकुर नाही, थू थू नाही. लवंगेच्या तेलाचा गुण बरं का.

१४ नोव्हेंबर

घात झाला.

अलीमियाँ सुपारी बघायला आले होते. पडवीत बसले. मी स्टोवर चहा केला, सगळं छान चाललं होतं. ह्यांना कुठून बुद्धी झाली, गिरणीवर घसरले. राख, सत्त्व, सगळं पुन्हा. अलीमियाँनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अरे बाळाजी, पीठ ते पीठ. डोळे बांधून वलखशील काय?"

"एका घासात!"

"या अल्ला! मग होऊनच जाऊं दे. भाकरी दोन्ही वैनींनी भाजायच्या. पीठ एक माझं, एक तुमचं. चुकलास तर देवळाच्या वट्यावर सगल्यांसमोर बोलायचं, गिरणी बरी हाय म्हनून."

"आणि ओळखली तर?"

"तर या साली सुपारीला तू म्हनशील तो भाव."

टाळी दिली एकमेकांना! तुळशीची लग्नं उरकली की रविवारी. मी दाराआड कपबशा घेऊन उभी. त्या तिथेच जमिनीवर टेकवल्या.

१५ नोव्हेंबर

आमचं पीठ कुठलं आणायचं? आमचंही तिथलंच!

दोन्ही भाकऱ्या एकाच गिरणीच्या. ह्यांच्या जिभेला फरक सापडायचा नाही. आणि ह्यांना संशय आला, मला विचारलं, तर मी खोटं बोलू शकेन का? जात्याला फसवणं वेगळं. मग शपथ. मग ताट बाजूला सारतील. आंब्याचं चाललं, आंब्यावाचून माणूस जगतो. भात-भाकरीवाचून या वयात किती दिवस काढतील?

मला हसूही येत नाही आज.

२० नोव्हेंबर

ठरवलं. निदान त्या एका भाकरीपुरतं खरं पीठ दळायचं. पहाटे बसले. पसाभर तांदूळ, जास्त नाही. अर्धा झाला नाही तोच खांद्यातून अशी कळ आली, की खुंटा सुटला. तिथेच बसून राहिले. जे झालं तेही नुसती भरड.

ती भरड कोंबड्यांना टाकली. हात पुन्हा खाली आला, कालपर्यंत कानाशी जात होता. माझाच मला राग आला. मग ह्यांचा आला. मग अलीमियाँचा. इंजिन शोधून काढणाऱ्या त्या कुण्या साहेबाचाही आला.

२४ नोव्हेंबर

आवडाबाई म्हणतात, "घाबरू नकोस. पुरुषांना भाकरीतलं कळतं असं त्यांना वाटतं, एवढंच." सोपं आहे त्यांना. त्यांच्या घरात कुणी शपथ घेतलेली नाही.

२५ नोव्हेंबर, रविवार

पडवी भरली होती. अर्धी आळी लोटली. मी भाकऱ्या भाजल्या, दोन्ही टम्म फुगल्या. आवडाबाईंनी दोन ताटल्यांत घालून बाहेर नेल्या. डावीकडे गिरणीची, उजवीकडे "जात्यावरची". मी दाराच्या फटीतून बघत होते.

ह्यांचे डोळे उपरण्यानं बांधले. पहिला घास. चावला. दुसरा घास. चावला. मग पुन्हा पहिलीचा तुकडा मागितला. मग पुन्हा दुसरीचा. एका घासात ओळखणार होते! जबडा हलतोय, हलतोय. अलीमियाँ मिशीत हसायला लागले.

ह्यांनी डोळे बांधलेलेच मान दाराकडे वळवली. मी उभी होते त्या दाराकडे. मग उजव्या ताटलीवर हात ठेवला.

"ही माझ्या घरची."

आरडाओरडा! अलीमियाँनी कपाळावर हात मारला. "मानला बाबा, मानला तुला!" आणि ह्यांना मिठी मारली. ह्यांनी उपरणं सोडलं. मला वाटलं आता तासभर सत्त्वावर ऐकावं लागणार. पण म्हणाले, "भाव गेल्या सालचाच राहू दे, अली. दोस्तीत कसली पैज." आणि उठून वाडीत गेले.

देवा, वाचवलंस! बायका स्वयंपाकघरात शिरल्या आणि आम्ही एकमेकींच्या खांद्यावर डोकी ठेवून हसलो. तोंडात पदर कोंबून. कमळ तर जमिनीवर बसली.

२७ नोव्हेंबर

जेवताना ह्यांनी एकदम विचारलं, "हात आता कुठवर जातो?" दाखवला. नुसतंच "हं" म्हणाले.

२८ नोव्हेंबर

जात्याच्या आवाजानं जाग आली.

अंधार होता. मी अंथरुणातच! मग जातं कोण फिरवतंय? चोरपावलांनी गेले. जात्यापाशी पाय पसरून हे बसले होते. खुंटा दोन्ही हातांनी धरलेला, आणि फिरवत होते तेही उलट्या बाजूनं. मला बघून थांबले नाहीत.

"झोप तू."

"अहो, कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"दिवाळीच्या आधीपासून. भाकरीत कच लागेना. इतकी वर्षं चावतोय ती, कळणार नाही?"

"आणि शपथ?"

"शपथ गावासमोर घेतलीय," म्हणाले. "गावाला जातं ऐकू येतंय ना? मग झालं तर. जा, झोप."

पण ते खणखणत होतं. ह्यांना कोण सांगणार! टोपलीतलं मूठभर तूस जात्यात टाकलं आणि परत येऊन पांघरूण ओढलं.