उशीतली मोहरी

आई,

तू मला उभ्या आयुष्यात एकदाच मारलंस, आणि का मारलंस ते मला गेल्या महिन्यात कळलं. चाळीस वर्षं लागली त्याला. मी आता बावन्न वर्षांची आहे, तू गेलीस तेव्हा अडतीसची होतीस. म्हणजे वयानं मी तुझी मोठी बहीण शोभेन. तेव्हा आज मोठ्या बहिणीच्या आवाजात बोलणार आहे, आणि तू मुकाट्यानं ऐकून घ्यायचंस.

आधी मला काय झालंय ते सांगते, तुझ्यासारखी आडून आडून नाही, सरळ. मला स्तनाचा कॅन्सर झालाय. डावा स्तन काढला. त्यानंतर केमो सुरू झाली, तिसऱ्या आठवड्यात केस गेले, मग भुवया, मग पापण्या. केसांचं एवढं काही नाही गं, स्कार्फ बांधता येतो. भुवयांचं काय करायचं? भुवया नसल्या की टिकली नक्की कुठे लावायची तेच कळत नाही. रोज आरशासमोर उभी राहते आणि रोज ती वर तरी जाते, नाहीतर तिरकी. चेहरा काळवंडलाय, नखं जांभळी झालीत. लिफ्टमध्ये अठराव्या मजल्यावरची बाई म्हणाली, किती बारीक झालात, काय करता हो? मी म्हटलं, केमो. ती बिचारी खाली उतरेपर्यंत मजल्यांचे आकडे बघत राहिली. मला तिची कीव नाही आली, उलट बरं वाटलं. हल्ली मी अशी झालेय.

हो, लिफ्ट. आपली चाळ पाडली, त्याच जागेवर टॉवर झालाय आणि आपल्याच दोन खोल्यांच्या बदल्यात मला सोळाव्या मजल्यावर घर मिळालंय. बाथरूमला पूर्ण भिंतभर आरसा आहे. बिल्डरनं बसवून दिलाय, काढता येत नाही.

तर गेल्या महिन्यात वरळीहून मावशी आली. पंच्याहत्तरीला टेकलीय, एका डोळ्यानं दिसत नाही, तरी टॅक्सी करून आली. मी स्कार्फ काढला तर तिनं डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "गोल बघ कसं आहे. मोहरीच्या उशीवर निजवलेलं डोकं ते." मी हसले. लेकीनं ट्रिमर फिरवून माझे उरलेले केस काढले तेव्हा तीही असंच म्हणाली होती, आई, तुझं डोकं चेंडूसारखं आहे. मग मावशीनं पलंगावरचा माझा तो सिलिकॉनचा तयार स्तन उचलला, जो मी ब्रेसियरच्या खिशात घालते. हातात तोलून बघितला, भाजीवालीकडचा कांदा बघावा तसा, आणि म्हणाली, "तुमचं बरं आहे, तयार मिळतं. ताईला मी शिवून दिला होता. वजन येईना म्हणून तुझ्याच उशीतली मोहरी भरली."

मी म्हटलं, कुठली ताई?

तिला वाटलं होतं मला माहीत आहे. बाबांनी कधीतरी सांगितलं असेल असं ती धरून चालली होती. बाबांनी नाही सांगितलं, आई. बाबा मरेपर्यंत तोंडाला कुलूप लावून बसले.

आता तो दिवस. मी बारा वर्षांची, मे महिना, तू दादरला पोळ्या करायला गेलेली. महिनाभर गावी राहून तू नुकतीच परत आली होतीस, आणि आल्यापासून सुकत चालली होतीस. गळ्याखाली काळं पडलं होतं, तर म्हणालीस स्टोव्हची वाफ लागली. मी कपाट आवरायला घेते. तुझ्या लुगड्यांच्या खाली हाताला पांढऱ्या मलमलीची एक गोल पुरचुंडी लागते, चारी बाजूंनी बारीक टाके घातलेली. दाबून बघते तर आत मोहरी. मी ती हातातून टाकून देते, कारण शेजारच्या काकूंनी मला सांगून ठेवलेलं असतं, कपाटात कापडात बांधलेली मोहरी सापडली तर समजायचं करणी केलीय कुणीतरी. मग मला सगळं उलगडतं. तू का सुकतेस, का जेवत नाहीस, का माझ्याकडे पाठ करून कपडे बदलतेस. मी ती पुरचुंडी दारावरून तीनदा ओवाळते, मागे वळून न बघता स्टोव्हपाशी जाते आणि टाके उसवून सगळी मोहरी तव्यावर ओतते. कशी तडतडली ती. घरभर धूर झाला. कापडही जाळून टाकलं.

मला वाटलं, मी तुला वाचवलं.

संध्याकाळी तुला गिरगावात साखरपुड्याला जायचं होतं. तू कपाट उघडलंस, लुगडी खालीवर केलीस, आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "ता खंय टाकलंस गो?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं. तू माझ्या कानाखाली अशी वाजवलीस की मी पिंपावर आपटले. मग तू साखरपुड्याला गेली नाहीस. भर मे महिन्यात अंगाभोवती शाल घेऊन बसलीस, आणि मी समोर बसून रडत होते, तर एका शब्दानं सांगितलं नाहीस की माझं काय चुकलं.

का नाही सांगितलंस? बारा वर्षांची होते, दूधखुळी नव्हते. गावी गेले होते म्हणालीस आणि होतीस परळच्या इस्पितळात, आपल्या दारापासून चालत दहा मिनिटांवर. मी शाळेतून येताना त्याच रस्त्यानं यायचे. मावशीनं हे सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. बिचारी मावशी, तिच्यावरच ओरडले. ती म्हणाली, पोरीचं लग्न जमणार नाही म्हणून ताईनं शपथ घातली होती. लग्न! माझ्या लग्नाची काळजी बघ तुला, माझ्या जिवाची नाही. मला गाठ लागली तेव्हा मी चार महिने काही केलं नाही, आई. वाटलं, पाळी जायच्या वयात असं होतं. आपल्या घरात कुणाला काही नाही, मग मला कशाला होईल? माहीत असतं तर दुसऱ्या दिवशी गेले असते. ते चार महिने माझ्याकडून तू घेतलेस. हे मी तुला माफ करत नाहीये, नीट ऐकून ठेव.

पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला होता का? मी ठामपणे म्हटलं, नाही. कागदावर तसं लिहिलंही गेलं. मावशी येऊन गेल्यावर मी परत गेले आणि म्हटलं, ते खोडा, माझ्या आईला होता, अडतिसाव्या वर्षी गेली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तुम्हाला मुलगी आहे ना? किती वर्षांची? बावीस म्हटलं. त्या म्हणाल्या, तिला सांगा आणि घेऊन या, रक्ताची एक तपासणी करू. घाबरवायचं नाहीये, पण तिला माहीत हवं.

एक गोष्ट तुला विचारायची आहे, आणि हे रागानं नाही. तू बघितलंस का गं कधी स्वतःला? आपल्याकडे हातभर आरसा होता, मोरीला नुसता पडदा. कधी बघितलंस? त्या भिंतभर आरशात मी रोज बघते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा कमोडवर बसून ढसाढसा रडले. मग कळलं, टाक्यांची रेघ तिरकी आहे, खांद्याकडे जाणारी, आणि एका बाजूला रिकामं असल्यानं मी चालताना जरा झुकते. नवरा म्हणतो, मला काही वाटत नाही. त्याला वाटत नसेलही. मला वाटतं. तुला किती वाटलं असेल आणि बोलायला एक माणूस नव्हतं, हे मनात येतं आणि माझा राग जरा बाजूला सरकतो. मग ते चार महिने आठवतात आणि परत जागेवर येतो.

आज रविवार आहे. लेक आत न्हातेय, हे मी बाहेर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लिहितेय. काल रात्री जेवताना तिनं सहज विचारलं, आई, आजी कशानं गेली गं? माझ्या तोंडून निघालं, कावीळ झाली होती. बाबा सगळ्यांना हेच सांगायचे, अगदी त्याच शब्दांत. ती बरं म्हणाली आणि तिनं आमटी वाढून घेतली.

ती बाहेर आली की सांगते, असं ठरवून बसलेय. असं ठरवून बसायचा हा तिसरा रविवार.