‘ही’ म्हणजे कोण

प्रिय सूनबाई,

हे पत्र फाडणार असशील तर निदान शेवटच्या पानापर्यंत थांब. पानांवर नंबर घातले आहेत. पाकिटात कागदांशिवाय आणखी एक वस्तू आहे, तिचा खुलासा शेवटी केला आहे. आणि कागद बघून हसू नकोस. हे इथल्या रिसॉर्टचे अभिप्रायाचे फॉर्म आहेत, मी त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. पुढच्या बाजूला छापलंय, ‘आमच्याकडील मुक्काम आपणास कसा वाटला?’ आणि उत्तराला जागा चार ओळी! चार ओळींत माझं काय होणार? मी अख्खा गठ्ठाच मागून घेतला. कागद अगदी हलका आहे, शाई फुटते. आपण असल्या कागदाची वही बांधून दिली असती तर गिऱ्हाईकानं तोंडावर फेकली असती.

तर मी सध्या नदीवर आहे. नदीकाठी नव्हे, नदीवर. बांबू आणि रिकामी पिंपं एकमेकांना बांधून तराफा केलाय, त्यावर चटयांच्या भिंतींच्या दोन खोल्या, वर गवताचं छप्पर, आणि अख्खं प्रकरण दोन दोरांनी काठावरच्या झाडांना बांधलेलं. वीज नाही, फोनला रेंज नाही. संडास काठावर, तिथे जायला दीड वीत रुंदीची फळी. या वयात सकाळी उठून डोंबाऱ्यासारखं फळीवरून चालायचं, आणि याला म्हणायचं आराम! आजूबाजूला नुसतं जंगल. सुंदर आहे, नाही असं नाही. सकाळी पाण्यावरून धूर निघाल्यासारखं धुकं निघतं, आणि एक निळा पक्षी समोरच्या फांदीवरून पाण्यात सूर मारतो. पण माझ्या डोक्यात इतका राग भरलाय की तो पक्षीसुद्धा मला नको तिथे नाक खुपसणारा वाटतो.

तू घर सोडून गेलीस त्याला आज वीस दिवस झाले. इथे येईपर्यंत मी एकटीच वह्यांच्या शिलाईला बसत होते. गेल्या शुक्रवारी चिरंजीव कामाच्या खोलीत आले. एरवी खळीचा वास येतो म्हणून उंबऱ्यावरूनच बोलणारा माणूस, तो चक्क माझ्या शेजारी स्टुलावर बसला. म्हणाला, “आई, किती दमलीयेस. चल, चार दिवस नदीवर राहू. ही पण येतेय, थेट धक्क्यावरच भेटेल.”

सूनबाई, या एका ‘ही’नं माझा घात केला. आपल्या घरात ‘ही’ म्हणजे कोण, हे कधी कुणाला विचारावं लागलेलं नाही. तुझे सासरे जाईपर्यंत मला ‘ही’च म्हणायचे, माझं नाव त्यांच्या तोंडून मी मोजून दोनदा ऐकलं असेल. नऊ वर्षं ‘ही’ म्हणजे तू. मला वाटलं, मिटलं! दोघं बोलले, समेट झाला, आणि मला खूश करायला एकत्र चाललेत. मी इतकी हरखले की त्या दिवशी दोन वह्यांची कापणी तिरकी गेली. तुला पाण्यावरचा वारा सोसत नाही म्हणून तुझी हिरवी शाल घेतली. तुझी ती पापडासारखी उशी घेतली. गाडी लागते म्हणून लिंबाच्या गोळ्या घेतल्या. माझी बॅग कमी आणि तुझीच जास्त भरली.

धक्क्यावर होडीत एक बाई पाठमोरी बसली होती, डोक्यावर रुंद काठाची पांढरी टोपी. तू टोपी घातलीस म्हणून मला कौतुक वाटलं. मी लांबूनच ओरडले, “ए उलट्या फर्म्या!” नऊ वर्षं तुला चिडवते तेच. ती वळली. तो चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता.

इथली व्यवस्था बघते ती एक माझ्याच वयाची होडीवाली आहे. तीच वल्हवते, तीच स्वयंपाक करते, तीच वहीत पाहुण्यांची नावं लिहिते. तिनं विचारलं, “कोण कोण?” चिरंजीव म्हणाले, “आई, मी आणि मिसेस.” होडीवालीनं पेन तसंच धरून माझ्याकडे बघितलं. मी, जी कागदवाल्याला एका डागासाठी अर्धा तास बोल लावते, ती गप्प बसून राहिले आणि होडी सुटली. तोवर माझ्या मागे पाणी होतं आणि पुढेही पाणी होतं.

तराफ्यावर गेल्यावर त्यानं तोंड उघडलं. सगळं आधी पाठ करून आला होता. ही त्याच्या ऑफिसातली, दोन वर्षं झाली, आता कायमचं ठरलंय. आम्ही तिघांनी घरात राहायचं. तुझं सामान कुणाच्या तरी हाती पाठवून द्यायचं. कामाची खोली रिकामी करायची, तिथे यांची बैठक होणार. कटिंग मशीन भंगारात. “किती दिवस पुठ्ठे चिकटवणार आई, आता आराम कर.” माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच पुठ्ठ्यांवर याचं शिक्षण झालं, हातावरची खळ वाळायच्या आत मी याला मांडीवर थोपटलंय! मी ताडकन उठले आणि निघाले. कुठे? बारा पावलं चालले आणि समोर नदी. अगं, तराफ्यावर माणसाला धड रागावून निघूनही जाता येत नाही. परत आले, पुन्हा बारा पावलं, दुसऱ्या बाजूला नदी. फळीवरून काठावर गेले असते तर पुढे नुसतं जंगल, वाट नाही. तेव्हा मला कळलं, यानं हीच जागा का शोधली ते. घरी सांगितलं असतं तर मी दार आपटून थेट तुझ्याकडे आले असते. इथे दारसुद्धा चटईचं, आपटलं तरी आवाज होत नाही. मी मात्र आपटलं. आणि माझ्या प्रत्येक पावलाला तराफा असा डुलत होता की त्यांच्या चहाचे कप घरंगळून पाण्यात गेले. तेवढंच समाधान.

टोपीवालीबद्दल मात्र खोटं लिहिणार नाही. मी तिलाच विचारलं, “बाई, तू कोण? माझी सून कुठाय?” ती पांढरीफटक पडली. तिला यानं सांगितलं होतं की आईला वर्षापूर्वीच सगळं सांगितलंय, आईची संमती आहे, सून आपणहून वेगळी झाली. म्हणजे आम्हा दोघींना एकाच होडीत बसवताना दोघींनाही गंडवलं! संध्याकाळी वारा सुटला तेव्हा चिरंजीवांनी माझ्या बॅगेतून तुझी हिरवी शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. मी काही बोलायच्या आत तिनंच ती काढली, घडी केली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली. काल दुपारपासून ती त्याच्याशी बोललेली नाही. तिचं तिनं बघावं, ती काही माझी काळजी नाही. पण ती घडी मला लक्षात राहील.

आता माझ्याबद्दल. कारण नुसता त्याच्यावर राग काढायचा तर एवढे कागद कशाला नासवू?

तू जायच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडे आली होतीस. मी पुठ्ठे दाबाखाली लावत होते. तू म्हणालीस, “आई, यांचं बाहेर कुणीतरी आहे.” तुझा आवाज कापत होता, आणि मी वळूनही बघितलं नाही. म्हणाले, “तुझ्या मनाचे खेळ आहेत. दिवसभर घरात बसून डोकं चालतं भलतीकडे.” घरात बसून! माझ्याच बरोबर दिवसाचे आठ तास सुई चालवणाऱ्या बाईला मी हे म्हणाले. वर आणखी शहाणपणा केला, “जरा नीटनेटकी राहत जा.” तू उरलेले सहा पुठ्ठे लावलेस, हात धुतलेस आणि आत गेलीस. सकाळी तुझी किल्ली कटिंग मशीनवर ठेवलेली होती. मी इतके दिवस स्वतःला सांगत राहिले की सून तापट आहे, येईल. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि वर संन्याशाचाच राग धरला.

आणि हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. दुसरीही गोष्ट सांगून टाकते, म्हणजे एकदाच काय ते होऊन जाईल. तू लग्न होऊन आलीस त्या महिन्यातल्या त्या चाळीस स्मरणिका आठवतात? सोळा पानांचा तिसरा फर्मा उलटा लागला होता, सगळी पानं डोकं खाली पाय वर. मी तुला दुपारभर फैलावर घेतलं. तू दोन दिवस बसून चाळीसही उसवल्यास आणि परत शिवल्यास, बोटांना टोचून टोचून रक्त आलं. तेव्हापासून तुझं नाव उलटा फर्मा. बघ, गठ्ठ्याची वरची बाजू कळावी म्हणून मी लाल पेन्सिलीनं खूण करते ना? त्या संध्याकाळी उरलेल्या फर्म्यांचा गठ्ठा उचलला तर खूण खालच्या बाजूला होती. माझ्याच हातची. तू मी दाखवलेल्या खुणेप्रमाणे बिनचूक शिवलं होतंस. मी तो गठ्ठा गुपचूप रद्दीत घातला. नऊ वर्षं तुला त्या नावानं चिडवलं, तू नऊ वर्षं हसलीस, आणि मी एकदाही खरं बोलले नाही. सासूची चूक सुनेला कशी सांगायची, म्हणे! मुलगा खोटं बोलायला कुठे शिकला याचा विचार मी इथे बसून पुष्कळ केला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

काल सकाळी मी होडीवालीकडून ती वही मागून घेतली, ‘मिसेस’वर काट मारली आणि वर ‘पाहुणी’ लिहिलं. होडीवाली म्हणाली, “बरं केलंत, आजी. मला तेव्हाच तुमच्या तोंडावरून कळलं होतं.” मग चिरंजीवांना समोर बसवलं आणि सांगितलं की घर माझ्या नावावर आहे, कामाची खोली जिथे आहे तिथेच राहील, आणि त्याचे कपडे खोक्यात भरून पायरीवर ठेवलेले असतील. म्हणाला, “आई, मी तुझा एकुलता एक.” मी म्हटलं, “म्हणूनच आजवर दिसलं नाही.” त्याच्याकडून घराची किल्ली मागून घेतली आणि त्याच्यादेखत नदीत टाकली. चांगली खोल आहे इथे. मग मात्र मी मागच्या फळीवर बसून रडले, हे तुला सांगते, त्याला सांगितलं नाही. पोटचा आहे गं.

आम्हाला आणलं ती मोठी होडी दुसरीकडे गेलीय, ती येणार गुरुवारी. होडीवाली आज छोट्या होडीतून बाजाराला चाललीय. मी म्हटलं मलाही ने, तर तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग होडीकडे बघितलं आणि मान हलवली. पण पाकीट न्यायला तयार आहे. आपल्या गावच्या बसवर तिचा मेव्हणा कंडक्टर आहे. तू सध्या जिच्याकडे राहतेस त्या तुझ्या मैत्रिणीच्या झेरॉक्सच्या दुकानात तो हे उद्या आणून देईल. गुरुवारी रेंज आल्यावर फोन करता आला असता, पण फोनवर मी रागाच्या भरात त्याच्याबद्दलच बोलत सुटले असते, आणि मला बोलायचं होतं माझ्याबद्दल.

पाकिटात आहे ती माझी किल्ली. तुझी तू ठेवून गेलीस, ती घरात मशीनवरच आहे. त्याची नदीत गेली. म्हणजे आता घर उघडू शकेल अशी ही एकच किल्ली बाहेर आहे, आणि ती तुझ्या हातात आहे. माझ्याजवळ नाही. तू पुढे जाऊन दार उघड, खिडक्या उघड, खळ नासली असेल ती फेक. गुरुवारी चारच्या सुमाराला मी माझी बॅग, तुझी शाल आणि तुझी उशी घेऊन दाराशी येईन आणि बेल वाजवीन. घरात मला घ्यायचं की नाही, हे मी तुझ्यावर सोपवते आहे, आणि हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. नाही उघडलंस तरी मी आरडाओरडा करणार नाही, शाल पायरीवर ठेवीन आणि बहिणीकडे जाईन. तुझी मैत्रीण बहुतेक तुझ्यासोबत असेल. तिनं मला कधी पाहिलेलं नाही. ती खिडकीतून बघून तुला विचारेल, “दारात ही कोण गं?” तिला काय सांगायचं, ते तू ठरव.

तुझीच,
उलटा फर्मा
(हे नाव आजपासून माझं)