कोलूच्या नवव्या पायरीविषयी

मी अंबाबाई, कै. सीतारामरावांची पत्नी, वय शहात्तर, राहणार राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दटावणीवाचून हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा कागद जोडला आहे. शाळा तिसरीपर्यंत, चुका सांभाळून घ्याव्या.

१. घर मुलगा श्रीकर याला. मागचे अंगण मात्र विकू नये, तिथे खोली बांधू नये. गल्लीतल्या मुलांना खेळायला उघडे ठेवावे.

२. नवरात्रात कोलूची आरास मांडायच्या लाकडी पायऱ्या, सगळ्या बाहुल्यांसकट, नात अखिला हिला.

आता कारण. अखिला त्याच अंगणात वाढली. ठिकरी, लगोरी, पेरूवर चढणे, पडणे, भांडणे. काय पोर होती! हरली तरी हसत यायची, "आज्जी, आज मी सगळ्यांत वाईट खेळले!" पाय तिचे तिथेच तयार झाले, आणि मनही. नवव्या वर्षी श्रीकरने कागदावर सही करून तिला धावण्याच्या शिक्षकाकडे घातले. ते म्हणाले, बाकी खेळ बंद. मुले बोलवायला आली की मीच दारातून परतवायची, "जा रे, तिची शर्यत आहे."

कोलूच्या पाच पायऱ्या होत्या. तिच्या चषकांसाठी मी सात केल्या. पायऱ्या विषमच लागतात, म्हणून पुढे एकदम नऊ. सुंडलाचा प्रसाद घ्यायला आलेल्या बायकांना मी मोठ्या तोऱ्यात म्हटले, "पुढल्या वर्षी बघा, नववी पायरी अखिलाच भरणार." पोरीने ऐकले. सुजलेला गुडघा कुणाला दाखवला नाही. धावली, जिंकली आणि रेघेपलीकडे कोसळली.

ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणतात, आता हळूहळू काहीही खेळू दे. ती खिडकीशी बसून राहते. विचारले तर तमिळमध्ये "ओन्नुम इल्ल", काही नाही, एवढेच.

३. त्या शिक्षकांना माझ्या दिवसांना बोलवू नये. पण श्रीकर, त्यांना दोष देऊन तू मोकळा होऊ नको. सही तुझी होती, तोंड माझे.

४. शिलाई मशीन सून गायत्रीला. तिने सांगितले होते, "आई, पोर लंगडते आहे." मी म्हटले, "तुला खेळातले काय कळते?" ते बोलणे मागे घेते. मशीनची सुई बदलून घ्यावी.

५. नऊ पायऱ्या कधीही मांडू नयेत. त्यासाठी करवलेल्या दोन फळ्यांचा अंगणात बाक करावा. अखिला खेळली नाही तरी बसून बघेल. एखाद्या संध्याकाळी ती उठली, खेळली, हरली आणि हसत घरात आली, तर माझ्या फोटोपुढे मोठ्याने सांगावे. मला तशी आशा उरलेली नाही. तरी फोटो अंगणाच्या दाराशीच लावावा.

सही: अंबाबाई, माझ्याच हाताची

साक्षीदार: शेजारी सेतुराम, त्यांची पत्नी वासुकी. दोघांना ही लिपी येत नाही. मी वाचून दाखवले, त्यांनी तमिळमध्ये सह्या केल्या. वासुकी रडली, म्हणून तिची सही वाकडी आहे.

तंजावूर, १४ फेब्रुवारी २०२५